मुद्दाम चुकवलेले राखणदार

आमच्या गोडदेवच्या सोसायटीत नवीन माणूस राहायला आला की वार्षिक सभेत त्याला उभं करून 'आपण काय करता' असं विचारायची पद्धत आहे. मी आलो तेव्हा खरं उत्तर दिलं. म्हटलं, "व्हिडिओ गेममधले राखणदार प्राणी तयार करतो." सेक्रेटरींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे सिक्युरिटी लाईन." मी हो म्हटलं. त्यानंतर बरीच वर्षं गेटवरचा वॉचमन बदलायचा झाला की माझं मत घेतलं जाई आणि मीही ते देत असे. राखण या विषयावर माझी मतं तयारच असत. फक्त ती दगडी, चार पायांच्या आणि शक्यतो आग ओकणाऱ्या राखणदारांबद्दल होती.

आता निवृत्त झालो आहे, तर हे काम म्हणजे काय ते एकदा नीट सांगतो.

खेळात एक दार असतं. कधी ते खरोखरचं दार असतं, कधी पूल, कधी गुहेचं तोंड, कधी झाडांमधली नुसती फट. पलीकडे खेळणाऱ्याला हवं असलेलं काहीतरी ठेवलेलं असतं. दार मोकळं सोडलं तर तो आत जाईल, वस्तू उचलेल आणि पाच मिनिटांत कंटाळून जेवायला उठेल. म्हणून दारात कुणीतरी उभं करावं लागतं. तो प्राणी संगणकात घडवणारे, त्याला चालायला शिकवणारे, त्याच्या डोक्यात अक्कल घालणारे लोक वेगळे. पण हा मुळात कोण, हे आधी कागदावर ठरवायला एक माणूस लागतो. तो मी. शिक्षण कमर्शियल आर्टचं, वाचनाची आवड जुन्या दैवतांच्या गोष्टींची. या दोन्हींचा एकत्र उपयोग होईल असा धंदा जगात निघेल, असं माझ्या वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही.

प्रत्येक प्राण्याची मी दोन पानांची पत्रिका करायचो. पहिल्या पानावर चित्र: समोरून, बाजूने, मागून. दुसऱ्यावर माहिती. कुठे उभा असतो, कुठे बघतो, किती लांबचं ऐकतो, कशाने चिडतो, किती पावलं पाठलाग करतो आणि कसा मरतो. शेवटचा रकाना रिकामा ठेवून चालत नसे.

पाठलागाचा रकाना मला सगळ्यात आवडायचा. खेळातल्या राखणदाराच्या गळ्यात एक न दिसणारी दोरी असते. तुम्ही त्याच्यापासून ठरावीक अंतर लांब पळालात की तो थांबतो, वळतो, आपल्या जागी परत जातो आणि तुम्हाला विसरतो. नवीन खेळणाऱ्यांना हा मूर्खपणा वाटतो. ज्यांचं बालपण गावात गेलं आहे त्यांना वाटत नाही. गावच्या राखणदाराचीही हद्द असते. वेशीच्या आत त्याचा शब्द चालतो. वेशीबाहेर पुढच्या गावचा राखणदार असतो आणि तिथे आपल्याला कुणी विचारत नाही, हे तो जाणून असतो. इतकं भान मी फार थोड्या पुढाऱ्यांत पाहिलं.

बाकी मंडळींचं मूळही असंच जुनं. पुरलेल्या धनावर बसलेला नाग, देवळाच्या दारातले दोन द्वारपाल, चीन-जपानकडचे दगडी सिंह, देवळाच्या खांबावरचा सिंहासारखा व्याल. खेळवाले यांना नवीन शिंगं लावतात आणि 'आम्ही निर्माण केलं' म्हणतात. फरक एकच, आणि तो मला नोकरीची बरीच वर्षं गेल्यावर कळला. गोष्टीतला राखणदार आपल्या बाजूचा असतो. आपण झोपतो, तो जागा असतो. खेळातला राखणदार आपल्यासमोर उभा असतो, कारण खेळात आपण सगळे चोर असतो. हे कुणी बोलून दाखवत नाही, एवढंच.

माझी काम करण्याची जी पद्धत पुढे आमच्या धंद्यात थोडीफार नावाजली, ती मला एका चहावाल्याने दिली. तेव्हा मी अंधेरीच्या एका कंपनीत होतो. वेताळाची पत्रिका चालली होती. आमच्याकडे चहा आणणारा बाबल सावंतवाडीकडचा. मी त्याला आठवडाभर विचारत होतो, "तुमच्याकडे वेताळाचं काय काय करतात?" तो आठवडाभर म्हणत होता, "माका काय म्हायत नाय." शेवटी मी पुस्तकांवरून चित्र काढलं. बाबल कप ठेवायला आला, चित्राकडे बघून तसाच उभा राहिला.

"अनवाणी?" तो म्हणाला.

"का? काय झालं?"

"मगे रातचो फिरतलो कसो?"

आणि मग पंधरा मिनिटं तो थांबेना. वेताळ गावभर गस्त घालतो. त्याच्या चपला झिजतात. म्हणून लोक त्याला नवीन चपला करून देतात, हातभर लांबीच्या. जुन्या बघितल्या तर तळ खरोखर घासलेले दिसतात. चहा निवला, साहेब ओरडले, बाबल हलला नाही.

त्या दिवशी मला कळलं की माणसाला देवाबद्दल विचारलं तर तो गप्प बसतो, पण त्याच्या देवाचं चुकीचं चित्र दाखवलं तर त्याच्याने राहवत नाही. पुढे मी कुणालाही काही विचारलंच नाही. चुकीचं चित्र काढून घेऊन जायचो आणि चुका मोजून-मापून घालायचो. फार ढोबळ चूक असली तर लोक हसून सोडून देतात. बारीक असली तर त्यांना टोचते. नागाला मिशा काढायच्या नाहीत, त्याला वारुळाच्या चुकीच्या बाजूला बसवायचा.

(वेताळाच्या झिजलेल्या चपला आम्ही खेळात घातल्या. परदेशी ग्राहकाने बूट करून मागितले. त्याचं म्हणणं, इतक्या बलवान प्राण्याला इतकं साधं पादत्राण शोभत नाही. दिले बूट.)

त्याच ग्राहकाच्या कीर्तिमुखाचीही आठवण आहे. कीर्तिमुख म्हणजे देवळाच्या दारावर वर असतं ते डोळे वटारलेलं तोंड. गोष्ट अशी की त्याला प्रचंड भूक लागली, शिवाने सांगितलं स्वतःलाच खा, आणि त्याने पायापासून सुरुवात करून तोंड सोडून सगळं खाल्लं. शिव खूश झाला आणि त्याला दारावर बसवलं. मी पत्रिका पाठवली. तीन दिवसांनी उत्तर आलं: छान आहे, फक्त धड आणि पाय जोडा, नाहीतर खेळणाऱ्याने मारायचं कुठे? मी कळवलं की धड त्याने खाल्लं आहे. त्यांनी कळवलं की मग ते कमी खाल्लं असं दाखवा.

नोकरीची शेवटची काही वर्षं मी घराजवळ, जेसल पार्कला काढली. केतनभाई नावाच्या गृहस्थांनी दातांच्या दवाखान्याच्या वर एक छोटा स्टुडिओ काढला होता. आधी त्यांचा लग्नाच्या व्हिडिओंचा व्यवसाय होता. नवरा-नवरीवर आकाशातून गुलाब पाडण्यात त्यांचा हातखंडा. तिथून ते ड्रॅगनवर आले, आणि त्यांच्या मते फार काही बदललं नव्हतं. माणूस दिलदार, बोलणं मात्र सतत व्यासपीठावरून. चहा मागवतानासुद्धा 'ग्लोबल' हा शब्द येई.

तिथे वनिता भोईर ही आमची लेव्हल डिझायनर होती. म्हणजे मी प्राणी कागदावर ठरवायचा आणि तिने तो जागेवर उभा करायचा: ही टेकडी, हा पूल, इथे हा, त्याचं तोंड असं. पस्तिशीची, मोजकं बोलणारी, कामात चोख. जवळच्या मुर्धा गावची. त्यांच्या घरची पूर्वी भाताची खाचरं आणि पुढे मिठागर होतं. आता खाडीच्या कडेचा एक बांध आणि त्याच्या आतला जमिनीचा पट्टा तेवढा उरला होता.

एका परदेशी कंपनीने खाडीकाठचा खेळ मागितला. खेळणारा होडीतून येणार, गावात शिरणार, आणि किनाऱ्यावर त्याला एक राखणदार आडवा येणार. अट अशी की राखणदार खऱ्या लोकपरंपरेतला हवा, आणि तसं प्रमाणपत्र पत्रिका करणाऱ्याने सही करून द्यायचं. 'अस्सलपणाचा दाखला' असं त्याचं मराठी मी मनातल्या मनात केलं. केतनभाईंनी तो मसुदा फ्रेम करण्यासारखा हातात धरला होता.

"दळवीसाहेब, क्लायंटला एकदम ओरिजिनल पाहिजे. मातीतला. आपण भारताची लोकसंस्कृती ग्लोबल करतोय."

"करू या," मी म्हटलं. "आधी चहा ग्लोबल करा."

दुपारी वनिता माझ्या टेबलाशी आली. स्टूल ओढून बसली. ती कधी बसायची नाही.

"काका, आमच्या बांधावर आहे एक."

"कोण?"

"राखणदार. दगड आहे. घरात त्याला थोरला म्हणतात. मिरगाच्या आधी त्याला जेवण देतात, की पावसाळ्यात बांध सांभाळ." ती म्हणाली, "यापेक्षा जास्त मला माहीत नाही. बाबा सांगत नाहीत."

"का?"

"बायकांनी बांधावर चढायचं नाही. मग सांगून काय उपयोग, असं त्यांचं. मला भाऊ नाही. चुलतभावांनी जमिनी विकल्या, टॉवरमध्ये गेले, त्यांना दगड कुठला तेही आठवत नाही. बाबांचे गुडघे गेलेत. गेल्या मिरगाला दोघांनी धरून नेलं त्यांना. या वर्षी ते म्हणतात, माझ्याबरोबर हे संपलं." तिने टेबलावरची माझी पेन्सिल उचलून परत ठेवली. "मला ते संपायला नकोय. तुम्ही तुमचं चुकीचं चित्र घेऊन चला ना."

मी खूप लोकांना फसवून बोलतं केलं होतं, पण कुणाच्या मुलीने आपल्याच बापाला फसवायला मला बोलावलं नव्हतं. तसं मी तिला म्हटलं.

"फसवणं कसलं," ती म्हणाली. "ते तुम्हाला सांगतील. मी चहा करत असेन. घर लहान आहे आमचं."

रविवारी सकाळी आम्ही मुर्ध्याला गेलो. तिचे वडील, हिराजीदादा, ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. पंच्याहत्तरीचे, काळे, बारीक. गुडघ्यांना गरम पट्टे बांधलेले. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे निळे पत्रे लावून चाललेलं बांधकाम, आणि पत्र्यांच्या कडेने बघितलं तर लांब खाडीचा चकाकणारा तुकडा.

"बसा, भाऊ. आमची वनिता सांगत होती. तुमी भुतांची चित्रा काढता."

"राखणदारांची."

"तेच. पगार भेटतो?"

"भेटतो."

"मंग बरा हाय," ते म्हणाले, आणि माझ्याबद्दलची चौकशी त्यांनी तिथे संपवली.

मी वही उघडली. चित्र मी चार बारीक चुका घालून काढलं होतं. खरं म्हणजे मला थोरल्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, तेव्हा चुका घातल्या असं म्हणणंही फुशारकीचं होईल. अंदाज केले होते. दगडावर शेंदूर, शेजारी नारळ, पायाशी कोंबडा, हातात काठी.

दादांनी चष्मा लावला, बघितलं आणि वही परत दिली.

"चांगला हाय."

मी गप्प बसलो. या धंद्यात गप्प बसणं हे अर्धं काम असतं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

एक रिक्षा गेली. मग दादा म्हणाले, "काठी कशाला दिली त्याला?"

"राखण करायला."

"तो काय गुराखी हाय? त्याच्या हातान फावडा हवा. बांधावरचा मानूस हाय तो."

मी काठी खोडून फावडं काढलं. दादांनी खुर्ची पुढे ओढली.

"आन कोंबरा? थोरला कोंबरा खात न्हाय. त्याला जेवान लागतो. भात, वाल, सुका बोंबील. घरात जा काय शिजला आसल ता. कोंबरा काय, कोंबरा कोनीपन खातो."

भात आला. वाल आले. शेंदूर पुसला गेला, कारण थोरल्याला शेंदूर लावत नाहीत, खाडीतली माती लावतात. मग नारळाच्या शेंडीवरून निघालेलं बोलणं फिरत फिरत मूळ गोष्टीवर आलं. तीन भाऊ होते. भरतीला बांध फुटला. खाऱ्या पाण्याने एकदा खाचर भरलं की पुढची दोन-तीन वर्षं भात येत नाही. दोघं धाकटे माती टाकत होते, ती वाहून जात होती. तेव्हा थोरला त्या भगदाडात स्वतः आडवा झाला आणि म्हणाला, टाका माती.

"टाकली?" मी विचारलं.

"टाकली ना." दादा माझ्याकडे न बघता बोलत होते. "न्हाय टाकली आसती तर मी हिथं बसलो आसतो का?"

मी लिहायचं थांबलो. वाचनातून मला ठाऊक होतं की पुष्कळ ठिकाणचे राखणदार आधी बळी असतात. गडांच्या बुरुजांत, पुलांच्या पायांत माणसं चिणल्याच्या गोष्टी सगळीकडे आहेत. पण ज्याच्या घराण्याने माती टाकली, असा माणूस मला प्रथमच समोर दिसत होता.

दादांचा आवाज आता जरा जास्तच मोठा झाला होता. मी हाताच्या अंतरावर होतो, तरी ते लांबच्या माणसाशी बोलावं तसे बोलत होते. भात कुठल्या पानावर वाढायचा, वाल किती वेळ भिजवायचे, बोंबील भाजायचा की शिजवायचा, हे सगळं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मला बोंबील भाजता येत नाही, आणि ते त्यांना माझ्याकडे बघूनच कळायला हवं होतं.

शेवटी मी दुसऱ्यांदा पूर्ण चित्र काढलं. हातात फावडं, अंगाला खाडीची माती. बांधाच्या माथ्यावर उभा, पाठ गावाकडे, तोंड खाडीकडे, येणाऱ्या पाण्यावर नजर. दादांनी ते बराच वेळ बघितलं.

"आता?"

"बरोबर हाय," ते म्हणाले. "आसाच."

वनिता चहा घेऊन आली. तिने चित्र बघितलं, बापाकडे बघितलं आणि कप ठेवले.

पत्रिका झाली. संगणकात थोरला उभा राहिला. खांद्यापर्यंत चिखल, फावडं, डोळे खाडीवर. माझ्या आयुष्यातलं ते चांगलं काम होतं, असं मला तेव्हा वाटलं. दाखल्यावर सही करायची तेवढी राहिली होती.

तीन आठवड्यांनी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, मी पाणी प्यायला उठलो आणि वनिताच्या पडद्याकडे नजर गेली. तिने थोरल्याला उलटा फिरवला होता. पाठ खाडीकडे, तोंड आत, खाचरांकडे. ती काही न करता नुसती बघत बसली होती.

तेवढ्यात मागून केतनभाई आले. "अरे, ये तो उल्टा खडा है! प्लेयर होडीतून येईल आणि पाठीमागून उडवून देईल. राखणदार आहे की टुरिस्ट?"

"चुकून फिरला," वनिता म्हणाली, आणि तिने त्याला परत खाडीकडे वळवला.

केतनभाई गेल्यावर मी तिच्या शेजारी बसलो. वनिताच्या हातून चुकून काही फिरत नाही, हे मला माहीत होतं.

"कुठली बाजू बरोबर?"

ती म्हणाली, "तुम्ही गेल्यावर बाबा जेवले नाहीत. मला समोर बसवलं आणि म्हणाले, सगळं ऐकलंस ना? म्हटलं, हो. म्हणाले, त्यात एक चूक आहे, ती तुला सांगतो. त्या भाऊंना सांगायची नाही."

"मग नको सांगू."

"तुम्ही विचारलंत म्हणून सांगतेय. थोरला भगदाडात आडवा झाला ना, तो पाठ पाण्याला लावून. पाणी पाठीने धरलंय त्याने. तोंड घराकडे. भात आला की नाही ते बघतोय."

मी पडद्याकडे बघितलं. तीस वर्षं मी राखणदारांची तोंडं शत्रूकडे वळवत आलो होतो. एकालाही घराकडे बघू दिलं नव्हतं. दादांसमोर चित्र काढतानाही हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि ही चूक मी मुद्दाम केलेली नव्हती.

"बाबा म्हणाले, त्या खेळात पोरं त्याला मारणार ना? मग आपला थोरला नको तिथे. तो भाऊंचा थोरला जाऊ दे." वनिता किंचित हसली. "आणि म्हणाले, तुझी आजी त्याला खालूनच वाढायची. खाचरातून. तोंड तिकडे, तर जेवण तिकडूनच ठेवणार ना. बांधावर चढायचा प्रश्नच नव्हता. आजी गेली, खाली मिठागराचं पाणी आलं, तसे पुरुष वरून ठेवायला लागले. पाठीमागून. इतकी वर्षं आम्ही त्याच्या पाठीला जेवण वाढतोय, म्हणाले."

"आता खाली काय आहे?"

"कोरडं आहे. गवत आहे."

दुसऱ्या दिवशी केतनभाईंनी दाखला माझ्यापुढे ठेवला. त्यात लिहिलं होतं की सदर आकृती, तिची मुद्रा व दिशा स्थानिक परंपरेशी तंतोतंत जुळते. 'दिशा' हा शब्द कुणी घातला कोण जाणे. मी त्यावर सही केली. माझ्या सगळ्या कारकिर्दीत, ग्राहकाने न सांगता, एवढी एकच पत्रिका मी जाणूनबुजून चुकीची दिली. ती नको तितकी गाजली. परदेशी कंपनीच्या माणसाने तिला 'अस्सलपणाचा आदर्श' म्हटलं, आणि केतनभाईंनी पडद्याला हार घालून समई लावली. फुलांमुळे थोरला छातीपर्यंत झाकला गेला. मला मनापासून बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. वाईट एवढ्याचंच की बरोबर चित्र कसं असतं ते मला आता ठाऊक होतं आणि मी ते कधीच काढणार नव्हतो. अजून काढलेलं नाही. इथे लिहितोय ते मात्र दादांना विचारून. ते म्हणाले, "लिवा. वाचनारी मानसा त्याला मारायला थोरीच येनार."

मिरगाच्या आदल्या आठवड्यात वनिताने मला घरी बोलावलं. 'दुपारी जेवायला या' म्हणाली, आणि कशासाठी ते सांगितलं नाही. मी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. दादा ओट्यावर त्याच खुर्चीत, आंघोळ करून, धुतलेल्या सदऱ्यात. वनिता घरात नव्हती. घरभर वालाचा आणि भाजलेल्या बोंबलाचा वास.

"गेली," दादा म्हणाले. "बसा."

आम्ही बसलो. पत्र्यांपलीकडे बांधकामाचं यंत्र चालू होतं. मी म्हटलं, "दादा, आता भात नाही, मीठ नाही. थोरल्याने राखायचं काय?"

"भात न्हाय, मीठ न्हाय," ते म्हणाले. "पानी तर हाय ना."



ते सारखे रस्त्याच्या टोकाकडे बघत होते. मधूनच म्हणाले, "पोरीन वाल जास्ती भिजत घातले. मी सांगत होतो." मग, "पान लावला आसल ना नीट?" मग, "वारा हाय. भात उडल." मी म्हटलं, "ओला भात कसा उडेल?" ते म्हणाले, "तुमी गप बसा, भाऊ. तुमाला तोंड कुठं हाय ता कलला न्हाय."

तेव्हा मला कळलं की मला कळलंय, हे त्यांना कळलेलं आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

एक वाजत आला. मला भूक लागली होती. दादांनाही लागली असणार. पण थोरला जेवल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. वाढणाऱ्याने पान ठेवायचं, मागे न बघता यायचं आणि दारात उभं राहून सांगायचं. तसं सांगितल्यावर घरची पानं मांडायची. हे दादांनी मला तिथे बसल्या बसल्या सांगितलं. इतकी वर्षं सांगणारे ते स्वतःच होते. ओट्यावर बसून कुणीतरी येऊन सांगण्याची वाट बघणं त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं.

पत्र्यांच्या कडेने वनिता येताना दिसली. हातात रिकामी टोपली, साडी पोटरीपर्यंत खोचलेली, पायांना गवताच्या काड्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. दादा दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवून उठायला लागले. मी आधार द्यायला पुढे झालो, तर त्यांनी मला कोपराने बाजूला केलं आणि गुडघ्यांसकट उभे राहिले.

ती ओट्याखाली येऊन थांबली. पायरी चढली नाही. वडिलांकडे बघून म्हणाली,

"जेवला."

दादांनी मान हलवली. खाली बसले. पट्ट्यांवरून गुडघे चोळले.

"मंग वाढ आमाला," ते म्हणाले. "भाऊ कवापासून उपाशी बसलेत."